डाव्या तळहाताची नोंद

गुरुपाद टंकलेखकांना माणसे भेटत ती कानातून. भाजीबाजारात नळापाशी एखादा गृहस्थ पुन्हा पुन्हा हात धूत असला, की त्यांना तो तत्काळ ओळखू येई. त्याचे हात का स्वच्छ होत नाहीत, हेही त्यांना ठाऊक असे. तो मात्र गुरुपादांना ओळखत नसे. मग ते नजर खाली घालून, पिशवी छातीशी धरून, वाट बदलून घरी जात. दुसऱ्याचे दुःख त्याच्या नकळत जाणणे हे एक ऋण आहे आणि मौन हीच त्याची फेड, अशी त्यांची श्रद्धा होती.

ते परभणीत एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात काम करीत. डॉक्टर दिनकरराव मूळचे जिंतूरकडचे. परंतु वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे बालपण कोकणात आणि शिक्षण मुंबईत झालेले. त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा गावातल्या भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या. एका पक्षाचा चुना दुसऱ्या पक्षाच्या गेरूतून डोकावे. अशा काळात मनाचा वैद्य गावात आला, हे लोकांना प्रथम चमत्कारिक वाटले. पुढे रांग लागू लागली. रांगेपाठोपाठ कागद आले. प्रत्येक रुग्णाची हकीकत, औषधांची नोंद, नोकरदारांसाठी रजेचे दाखले, मोठ्या रुग्णालयांना पत्रे. समोरचा मनुष्य जन्मभराचे गाठोडे सोडीत असे आणि डॉक्टर मान खाली घालून लिहीत असत. एकदा राणीसावरगावच्या एका म्हातारीने त्यांना सरळ विचारले, "लेकरा, मी कागदाला सांगायले का तुला?"

तो प्रश्न डॉक्टरांच्या मनात रुतून बसला. पुढे त्यांच्या भावाने आखातातून साबणाच्या वडीएवढे एक ध्वनिमुद्रण यंत्र आणले. तेव्हापासून डॉक्टर रुग्णाकडे पाहत बसू लागले. रुग्ण उठून गेला की यंत्र ओठांशी धरून दोन-तीन मिनिटे बोलत. त्या फिती मागच्या खोलीत गुरुपादांकडे येत. कानात नळी घालून ते ऐकत आणि मराठी टंकयंत्रावर उतरवीत. नातेवाइकांना वाचता यावे म्हणून डॉक्टर बुद्ध्याच मराठीत सांगत. एक फीत उतरवून झाली की तिच्यावरच पुढच्या रुग्णांची हकीकत चढे. मागचे शब्द पुसले जात आणि उरे तो फक्त कागद.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "गुरुपादअप्पा, फितीतलं तुमच्या कानातून बोटांत येईल, बोटांतून कागदावर जाईल. तोंडात मात्र यायला नको."

"डॉक्टरसाहेब," गुरुपाद म्हणाले होते, "माझं तोंड एकसष्ट सालापासून बंदच हाय."

हे उत्तर विनोदाने दिलेले नव्हते. निजामी अंमलात उर्दू शाळेत शिकलेले गुरुपाद तरुणपणी एका कचेरीत नक्कलनवीस होते. मूळ कागदाची अक्षरशः प्रत काढून देणे, एवढेच त्यांचे काम. एकसष्ट साली एका विधवेच्या जबानीची प्रत काढताना त्यांना राहवले नाही. जबानीच्या वेळी ते दाराशी उभे होते आणि त्यांनी तिला पाहिले होते. तिच्या एका वाक्यापुढे त्यांनी आपल्या सुंदर हस्ताक्षरात लिहिले, 'येथे साक्षीदार रडली.' विरुद्ध पक्षाच्या वकिलाला एवढेच हवे होते. नक्कल मुळाशी जुळत नाही म्हणून तो कागदच बाद ठरला, बाईचे प्रकरण वर्षभर लांबले, आणि ते वर्ष तिने दिराच्या ओसरीत काढले. गुरुपादांची नोकरी गेली, त्याचे त्यांना फारसे वाटले नाही. आपल्या करुणेने त्या स्त्रीचे अकल्याण केले, हे शल्य मात्र त्यांच्या हृदयातून कधी निघाले नाही. पुढे कचेरीबाहेरच्या लिंबाखाली टंकयंत्र मांडून त्यांनी सहस्रावधी अर्ज उतरवले. परंतु दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःचा एक अनुस्वारही घातला नाही.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रातली ती दुपार. खिडकीला वाळ्याचा पडदा होता. त्यावर सगुणाबाईंनी, म्हणजे दवाखान्यातल्या परिचारिकेने, नुकतेच पाणी शिंपडले होते. ओल्या वाळ्याचा गंध, पंख्याची संथ घरघर आणि कानात डॉक्टरांचा स्वर, या तिहींच्या संगमावर गुरुपाद एखाद्या नावेत बसल्यासारखे तरंगत असत. अशा वेळी शब्द कानाने ऐकू येत नसत. जणू जलाच्या तळाशी पडलेल्या शुभ्र खड्यांप्रमाणे ते आपोआप दिसत. बोटे चालत आणि मन कुठे दूर काठाकाठाने हिंडून येई.

"गुरुपादअप्पा, भाकर वाळून पापड व्हायली," सगुणाबाई दारातून म्हणाल्या. "मशीन काय पळून चालली का?"

"चार वाजायच्या आत पत्र पायजे, सगुणाबाई. वालूरच्या पेशंटला रेल्वेनं न्यायलेत."

"ती गंगम्मा व्हय? लय वाईट वाटतं बघा. सलाईनवर किती दिवस ठिवावं मान्साला? नवरा बिचारा तिकीट काढून बसलाय." आणि त्या भाकरीवर झाकण ठेवून निघून गेल्या.

गुरुपादांनी फीत सुरू केली. डॉक्टरांचा आवाज थकलेला होता.

'रुग्णा गंगम्मा, वय चौतीस, राहणार वालूर. पती शिवरुद्र, कापडाचे दुकानदार. गेल्या दहा दिवसांपासून अन्न घेत नाही. घास तोंडाशी नेला असता तोंड फिरवते. विचारल्यास एकच वाक्य बोलते, "मी आता उरले न्हाई." आपण मृत आहोत असा दृढ भ्रम असावा. पूर्वी असा आजार नाही. घरात कलह नाही.'

बोटे वेगाने चालली होती. येथवर सारे नेहमीचेच होते.

'पहाटे व सायंकाळी रुग्णा भिंतीकडे तोंड करून बसते. डावा तळहात छातीसमोर उघडा धरून त्याकडे एकटक पाहते. हातात काहीही नसते. गळ्यात चांदीची डबी आहे. बहुधा ताईत असावा. ती उघडण्यास सांगितले असता रुग्णेने किंकाळी फोडली.'

टंकयंत्र थांबले.

गुरुपादांनी खाली पाहिले. त्यांचा स्वतःचा डावा हात कळांवरून उठून छातीसमोर आला होता आणि तळहात उघडला होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. गेली पन्नास वर्षे प्रत्येक पहाटे त्या तळहातावर त्यांचे इष्टलिंग विसावत आले होते. वीरशैव मनुष्य आपला देव देवळात ठेवीत नाही, तो देहावर वागवतो. जन्माला आल्यावर गुरूने गळ्यात बांधलेले ते लहानसे, काळ्या कांतीचे लिंग डबीतून काढावे, डाव्या करतलावर घ्यावे, दृष्टी त्यावर स्थिर करावी. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतले अंतर हळूहळू विरते, आणि मगच अन्नाला स्पर्श करावा. लिंगावाचून अन्न नाही. जुन्या बायका तर याहूनही कठोर सांगत. ज्याच्या हातून लिंग हरवले, त्याने मागे उरू नये.

ती बाई वेडी नव्हती. तिची डबी रिकामी होती.

हे ज्ञान गुरुपादांना तर्काने झाले नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात समई लागावी तसे ते एकदम झाले. ती पूजाच करीत होती. नित्याच्या वेळी, नित्याच्या आसनावर, रिकाम्या तळहाताची पूजा. घरच्यांना कसे कळावे? गळ्यात डबी तर दिसत होती. ज्याची त्याची लिंगपूजा ज्याने त्याने भिंतीकडे तोंड करूनच करायची असते. तीत कोणी डोकावत नाही. आणि ते हरवल्याचे पाप ती कोणत्या तोंडाने सांगणार?

फीत पुढे बोलतच होती. 'जिवाला धोका आहे. विजेच्या उपचारांसाठी मोठ्या मनोरुग्णालयात दाखल करून घ्यावे, ही विनंती.'

गुरुपादांनी ते वाक्यही उतरवले. पत्र पूर्ण झाले, एका अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी कागद यंत्रातून काढला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. एवढ्या कागदावर सही झाली की गंगम्मा एका अपरिचित गावात, अपरिचित माणसांत जाईल. तिथे तिची डबी काढून कुठल्यातरी कपाटात ठेवतील, आणि ती खरोखरच उरणार नाही.

सांगावे तर कसे? दाराच्या पडद्यापलीकडे डॉक्टरांच्या समोरच शिवरुद्र बसले होते. त्यांचा आवाज इकडे स्पष्ट ऐकू येत होता. त्या स्त्रीने जे गुपित दहा दिवस प्राणापलीकडे जपले, ते तिच्या नवऱ्याच्या देखत, एका टंकलेखकाच्या तोंडून फुटावे? चिठ्ठी लिहावी तर टेबलावर ती शिवरुद्रांच्याच हाताखाली पडणार. शिवाय आपला अंदाज चुकला तर? सव्वीस वर्षांपूर्वीची ती ओसरी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तिथेही ते दयाच करायला गेले होते.

बराच वेळ ते ध्वनिमुद्रण यंत्राकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता. वाळ्यातून गाळून आलेला हिरवट प्रकाश त्या इवल्या यंत्रावर पडला होता, आणि बाजूची तांबडी कळ गुंजेसारखी दिसत होती. ती कळ त्यांनी आजवर कधी दाबली नव्हती. ती बोलणाऱ्याची कळ होती. पत्राच्या मजकुरात एक शब्द घालण्याचा त्यांना अधिकार नव्हता. परंतु मजकूर संपल्यानंतर फितीवर पुष्कळशी मोकळी जागा उरली होती, आणि ती कोणाच्याच मालकीची नव्हती. शिवाय कानातल्या नळीतून जाणारा शब्द एकाच माणसाला ऐकू जातो.

त्यांनी कळ दाबली. यंत्र ओठांशी धरले.

"डॉक्टरसाहेब, मी गुरुपाद बोलतो. पत्रात मी काही बदललेलं न्हाई. पत्राबाहेरचं सांगायलो..."

ते दोन मिनिटे बोलले असतील. मग यंत्र, नळी आणि पत्र एकत्र करून त्यांनी सगुणाबाईंना हाक मारली. "साहेबांना म्हणावं, सही करायच्या आधी फितीचा शेवट ऐका. कानात घालूनच ऐका."

"असं कसं? तुमीच जावा की दोन पावलं."

"माझ्यानं चालवत न्हाई, बाई."

सगुणाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्या सारे घेऊन आत गेल्या.

दाराच्या पडद्याच्या फटीतून गुरुपादांना डॉक्टरांची पाठ दिसत होती. त्यांनी कानात नळी घातली. शिवरुद्र समोर रुमालाने मान पुसत होते. पत्र टेबलावर, त्यावर लेखणी आडवी. थोडा वेळ गेला. डॉक्टरांनी फीत मागे नेली आणि पुन्हा ऐकली.

"साहेब गाणं ऐकायलेत का काय?" शिवरुद्र सगुणाबाईंना हळूच म्हणाले. "आमची गाडी चुकायची हितं."

"बसा वो जरा. डाक्टर हाय तो, काय तर असंल."

डॉक्टरांनी नळी काढली. लेखणीला टोपण लावले. "शिवरुद्रअप्पा," ते म्हणाले, "एक तपासणी राहिली आहे. तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसा."

मग ते मागच्या खोलीत आले. गुरुपाद उठून उभे राहिले. शिक्षेसाठी उभे राहावे तसे.

"मी त्याला ताईत म्हटलं," डॉक्टर म्हणाले. "पंधरा वर्षं शिकलो मी, गुरुपादअप्पा."

"मी चुकतही असंन, साहेब."

"असाल. पण ती डबी मी आता उघडायला लावणार नाही. काय करावं, तुम्हीच सांगा."

"बोलायचं न्हाई," गुरुपाद म्हणाले. "मला फकस्त तिच्या समोर बसू द्या."

शेजारच्या खोलीत गंगम्मा कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. गालांची हाडे वर आलेली, हाताला सलाईनची पट्टी, कपाळावर मात्र भस्माचे पट्टे ताजे. तिने कोणाकडेच पाहिले नाही. गुरुपाद तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी सदऱ्याच्या आतून आपली डबी काढली, उघडली, आपले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतले आणि दृष्टी स्थिर केली. प्रथम त्यांना डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता, नंतर सगुणाबाईंच्या बांगड्या, नंतर रस्त्यावरचा टांगा. मग तेही मावळले. त्या काळ्या कांतीत खिडकीचा एक उजेडाचा कण थरथरत होता. किती वेळ गेला, ते कोणालाच पुढे सांगता आले नाही.

"माजं गंगेत गेलं," एक क्षीण स्वर आला.

गुरुपादांनी मान वर केली नाही.

"गंगाखेडला. घाटावर तळहातावर घेतलं हुतं. मागनं गर्दीचा लोट आला, पाय घसरला, आन् हात उगडाच ऱ्हायला. मी पान्यात लय हुडकलं, अप्पा. चिखल चिखल वर काढला."

"हुडकलं असशील, माय."

"आज्जी म्हनायची, ज्याचं लिंग गेलं त्यानं मागं ऱ्हाऊ नाई. मग मी जेवू कशी? कुनाच्या नावानं जेवू?"

आता गुरुपादांनी तिच्याकडे पाहिले. फितीतून ऐकलेली गंगम्मा कोणी निराळीच होती. ही त्यांच्या थोरल्या लेकीच्या वयाची, सुजलेल्या डोळ्यांची एक साधी बाई होती.

"तुज्या आज्जीनं अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "तुज्या गळ्यात ते पहिल्यांदा कोणी बांधलं?"

"मठातल्या स्वामींनी."

"मग ते काय बांधायचं इसरलेत का?"

तिच्या ओठांत काहीतरी हलले. ते हसू नव्हते. परंतु दहा दिवसांत तो चेहरा प्रथमच हलला होता. "ह्यांला सांगू नका," ती म्हणाली. मग क्षणभराने, "न्हाई तर सांगा. मीच सांगते. बोलवा."

शिवरुद्र आत आले, त्यांनी ऐकले आणि मटकन खाली बसले. "आगं, येवढ्यापायी?" ते म्हणाले. "मला म्हनायचं तरी! मी तिकडं तिकिटं काढून ऱ्हायलो, आन् तू हितं..." ते रुमाल तोंडावर धरून हुंदके देऊ लागले, तशी गंगम्माच त्यांना म्हणाली, "उगी ऱ्हावा. लोक बघायलेत."

मठ फार दूर नव्हता. शिवरुद्र स्वतः टांगा करून गेले आणि सूर्य कलण्यापूर्वी वृद्ध स्वामींना घेऊन आले. स्वामी डोळ्यांनी अधू होते. त्यांनी एका वाटीत पाणी मागितले, भस्म मागितले, आणि आपल्या वस्त्राच्या गाठीतून काळ्या कांतीचे एक नवे लिंग काढले. डॉक्टर दाराबाहेर चपला काढून उभे होते. अभिषेक झाला, भस्म लागले. मग स्वामी पुढे वाकले आणि त्यांनी गंगम्माच्या कानात मंत्र सांगितला. तो कोणालाही ऐकू आला नाही, ऐकू यायचाही नसतो. सर्व विद्यांचे मूळ असे एका मुखातून एका कानात उतरते; लेखणी फार नंतर येते. दवाखान्याच्या त्या चुन्याच्या भिंतींत क्षणभर एखाद्या पुरातन आश्रमाची शांती अवतरली. नव्या दोऱ्याची गाठ पडली, आणि गंगम्माने डबीचे झाकण आपल्या हाताने मिटले.

डॉक्टर मागच्या खोलीत आले तेव्हा संध्याकाळचा पिवळा उजेड टंकयंत्रावर पसरला होता. त्यांनी ते पत्र फाडले नाही. आडवी रेघ मारून केसपेपरांत ठेवले.

"तिची उदासी एका गाठीनं जाणार नाही," ते म्हणाले. "दहा दिवस तिनं मरण उशाशी घेतलं होतं. औषध चालू ठेवीन, दर पंधरवड्याला बोलवीन."

"बरोबर हाय, साहेब."

"आणि एक काम आहे. फितीचा शेवटचा भाग उतरवा. तो केसपेपराला लावायचा आहे."

"माझं बोलणं?"

"तुमचंच. मी सांगितलेली हकीकत अपुरी होती. तुमच्या बोलण्याशिवाय ती कोणी वाचू नये."

गुरुपाद बसले. त्यांनी कानात नळी घातली आणि फीत सुरू केली. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. तो त्यांना परका वाटला. थोडा कापरा, थोडा त्यांच्या वडिलांसारखा. 'पत्रात मी काही बदललेलं न्हाई,' असे कोणी वृद्ध मनुष्य फार दुरून, जणू नदीच्या पैलतीरावरून सांगत होता. गुरुपादांनी त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायला घेतले. तो अडखळला तिथे तेही थांबले. 'लिंग' हा शब्द उच्चारताना त्याचा स्वर खाली गेला, तेव्हा त्यांची बोटेही कळांवर हलकी झाली.

अर्धा कागद भरला असेल, तोच भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला. त्यांनी यंत्र थांबवले आणि कानातली नळी काढली.

"आजून येक घास," सगुणाबाई म्हणत होत्या. "मऊ भात हाय, वर तूप घातलंय. बगा तरी."

गुरुपाद कळांवरचे हात उचलून तसेच बसून राहिले. डॉक्टरही दारात थांबले होते. मग गंगम्माचा आवाज आला. थकलेला, किंचित चिडका, आणि पूर्णपणे तिचा स्वतःचा.

"बाई, भातात मीठ न्हाई वो."